शेवटच्या रांगेपर्यंतचा आवाज: बँडसाठी सोबत नेता येणारी पीए सिस्टीम कशी निवडावी

बँडसाठी पीए सिस्टीम, म्हणजे माईक, मिक्सर आणि स्पीकर मिळून आवाज श्रोत्यांपर्यंत पोहोचवणारी यंत्रणा, घ्यायची ठरली की चर्चा बहुतेक वेळा पहिल्याच मिनिटाला वॅटवर येते. पाचशे वॅट पुरतील का, हजार घ्यावेत, की दोन हजारांची सिस्टीम घेऊन एकदाचे निश्चिंत व्हावे? वॅट हे स्पीकरला मिळणाऱ्या विजेचे माप आहे. त्या विजेतून किती आवाज निघेल, तो किती दूर जाईल आणि तिथे पोहोचल्यावर गाण्याचे शब्द कळतील का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यात नसते. त्यामुळे निवडीची सुरुवात उलट्या टोकाने करणे सोयीचे ठरते: आधी सर्वांत मागे बसलेला श्रोता, मग त्याच्यापर्यंत जे पोहोचवायचे आहे ते संगीत, आणि त्यानंतर त्यासाठी लागणारी सामग्री.

एक साधारण बँड डोळ्यांसमोर धरू: ड्रमसेट, बेस गिटार, इलेक्ट्रिक गिटार, कीबोर्ड आणि दोन गायक. या सहा जणांना पीएची गरज सारखी नसते. ड्रमसेट माईकशिवायही जवळून १०० डेसिबलच्या आसपास आवाज करतो, गिटार आणि बेसचे स्वतःचे अ‍ॅम्प असतात, आणि कीबोर्डचा मात्र पीएला जोडल्याशिवाय आवाजच येत नाही. सर्वांत दुबळे असते ते माणसाचे गळ्यातले वाद्य. जोरात गाणाऱ्याचा आवाजही एक मीटरवर साधारण ८५ ते ९० डेसिबलच्या घरात राहतो. म्हणजे लहान खोलीत पीएचे मुख्य काम एकच असते, ते म्हणजे गायकाला ड्रमच्या बरोबरीला आणून थोडे वर ठेवणे. ड्रमवादक किती जोरात वाजवतो यावर बँडचा किमान आवाज ठरतो आणि पीए त्या आवाजाला गाठण्याइतकी समर्थ असावी लागते. त्यामुळे सिस्टीमवर खर्च करण्यापूर्वी ड्रमवादकाशी बोलणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, हे मी पूर्ण गांभीर्याने सांगतो. जागा मोठी होत गेली की क्रम असा बदलतो: आधी कीबोर्ड आणि गायक, मग किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बेस, त्यानंतर गिटार, आणि सर्वांत शेवटी संपूर्ण ड्रमसेट. प्रत्येक पायरीला पीएवर येणारा भार वाढतो, आणि किक व बेस आत आले की तो एकदम वाढतो.

आता अंतराकडे वळू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी ६ डेसिबलने उतरते. एका मीटरवर जी पातळी असेल ती दोन मीटरवर ६, चार मीटरवर १२, आठ मीटरवर १८ आणि सोळा मीटरवर २४ डेसिबलने कमी झालेली असते. बंदिस्त सभागृहात भिंतींवरून परत येणारा आवाज यात भर घालतो, त्यामुळे ठरावीक अंतरापुढे घट मंदावते; पण ती भर गढूळ असते, तिने आवाज वाढतो आणि शब्द मात्र अस्पष्ट होतात. दुसऱ्या बाजूला, स्पीकरला दिलेली शक्ती दुप्पट केली की पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते, आणि कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला सुमारे १० डेसिबलची, म्हणजे दहापट शक्तीची वाढ लागते. हे दोन नियम शेजारी ठेवले की वॅटचा मोह बराच ओसरतो. श्रोता दुप्पट अंतरावर गेला तर ते नुकसान भरून काढायला चौपट शक्ती लागते. तेच स्पीकर योग्य ठिकाणी आणि योग्य उंचीवर ठेवल्याने होणारा फायदा फुकट मिळतो.

शक्ती आणि आवाज यांच्या मध्ये आणखी एक आकडा उभा असतो, तो म्हणजे स्पीकरची संवेदनशीलता. एक वॅट शक्ती दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल मिळतात, ते हा आकडा सांगतो. समजा, एका स्पीकरची संवेदनशीलता ९८ डेसिबल आहे आणि त्याला १००० वॅट मिळतात. हजार वॅट म्हणजे एका वॅटपेक्षा ३० डेसिबल अधिक, म्हणून कागदावर कमाल पातळी १२८ डेसिबल. दुसऱ्याची संवेदनशीलता ९४ आणि शक्ती २००० वॅट. दोन हजार वॅट म्हणजे ३३ डेसिबल, म्हणून कमाल १२७. दुप्पट वॅटचा स्पीकर एका डेसिबलने मागे पडला. शिवाय वॅटही एका जातीचे नसतात. सतत पेलता येणारी शक्ती, तिच्या दुप्पट धरली जाणारी ‘प्रोग्रॅम’ शक्ती आणि चौपट धरली जाणारी ‘पीक’ शक्ती असे तीन आकडे प्रचलित आहेत, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापला जातो तो बहुधा यांतला सर्वांत मोठा. दोन उत्पादनांची तुलना करताना दोन्हीकडे एकाच जातीचा आकडा आहे ना, एवढे पाहिले तरी निम्मी फसगत टळते.

त्यामुळे माहितीपत्रकात आधी शोधायचा तो कमाल ध्वनिपातळीचा आकडा. तोही थोडा जपूनच वाचावा लागतो. हा आकडा बहुधा क्षणिक शिखराचा असतो, म्हणजे किक ड्रमचा ठोका किंवा सिंबलचा झणका ज्या क्षणी सर्वांत वर जातो त्या क्षणाचा. जिवंत संगीतात ही शिखरे सरासरी पातळीपेक्षा १२ डेसिबल किंवा त्याहूनही अधिक उंच असतात. शिवाय स्पीकर बराच वेळ पूर्ण ताकदीने चालला की त्यातील व्हॉइस कॉइल (पडदा हलवणारे तारेचे वेटोळे) तापते, तिचा रोध वाढतो आणि तेवढीच वीज असूनही आवाज काही डेसिबलने खाली येतो. एका उदाहरणाचे गणित असे होईल: समजा, माहितीपत्रकातली कमाल पातळी १२६ डेसिबल, सोळा मीटरवर बसलेल्या श्रोत्यापर्यंत २४ ची घट, म्हणजे १०२, दोन स्पीकर असल्यामुळे सुमारे ३ ची भर, म्हणजे १०५, शिखर आणि सरासरी यांतले १२ चे अंतर वजा केले की ९३, आणि तापण्यासाठी व माहितीपत्रकाच्या औदार्यासाठी ३ ठेवले की ९०. मोकळ्या जागेत सोळा मीटरवर ९० डेसिबलची सरासरी पातळी बसून गाणी ऐकणाऱ्यांना पुरेशी आहे. लोक नाचणार असतील, गर्दी स्वतःच आरडाओरडा करणार असेल, तर ती अपुरी पडेल. हे गणित करायला दोन मिनिटे लागतात आणि ते कोणत्याही जागेसाठी करता येते.

वरची मर्यादाही याच ठिकाणी सांगितली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी जो मानदंड प्रसिद्ध केला, त्यात पंधरा मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल ही कमाल पातळी धरली आहे. कामाच्या ठिकाणच्या आवाजाबद्दल अमेरिकेतील नियॉश या संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला आठ तासांची आहे, आणि प्रत्येक ३ डेसिबल वाढीला तो वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे. श्रोता एक संध्याकाळ ऐकून घरी जातो, बँड मात्र दर कार्यक्रमात आणि प्रत्येक तालमीत त्या आवाजात उभा असतो.

स्पीकर बॉक्सच्या आत साधारणपणे दोन अवयव असतात: खालच्या आणि मधल्या स्वरांसाठी वूफर, आणि वरच्या स्वरांसाठी हॉर्नला जोडलेला कॉम्प्रेशन ड्रायव्हर. वूफर १० इंची, १२ इंची किंवा १५ इंची असतो, आणि मोठा तो चांगला असे सरसकट मानले जाते. प्रत्यक्षात प्रश्न थोडा वेगळा आहे. आवाजाची तरंगलांबी वूफरच्या व्यासापेक्षा लहान झाली की तो आवाज सगळीकडे न पसरता समोरच्या अरुंद पट्ट्यात जातो. दोन हजार हर्ट्झला तरंगलांबी सुमारे १७ सेंटिमीटर असते, आणि १५ इंची वूफरचा व्यास ३८ सेंटिमीटर. याच पट्ट्याच्या आसपास गायनातील व्यंजने, म्हणजेच शब्दांचा स्पष्टपणा असतो. जर हॉर्न लहान असेल आणि वूफरला त्या उंचीपर्यंत काम करावे लागत असेल, तर समोर बसलेल्याला शब्द नीट कळतात आणि बाजूला बसलेल्याला ते दबलेले ऐकू येतात. सबवूफर, म्हणजे फक्त सर्वांत खालच्या स्वरांसाठीचा वेगळा स्पीकर, वापरणार असाल तर वरच्या बॉक्ससाठी १२ इंची, आणि छोट्या बँडला १० इंचीदेखील, हीच माझ्या मते अधिक शहाणी निवड. सबवूफर नेणे शक्यच नसेल आणि किक व बेस त्याच दोन बॉक्समधून काढायचे असतील, तेव्हा १५ इंचीला अर्थ आहे. अशा वेळी मोठा कॉम्प्रेशन ड्रायव्हर असलेले मॉडेल शोधावे, म्हणजे हॉर्न खालपर्यंत उतरून वूफरचा भार हलका करतो.

हॉर्नच्या फैलावाचे दोन आकडे दिलेले असतात, उदाहरणार्थ ९० अंश आडवे आणि ६० अंश उभे. ९० अंशांचा अर्थ असा की पाच मीटर अंतरावर साधारण दहा मीटर रुंदीचा पट्टा व्यापला जातो. हा झोत टॉर्चच्या प्रकाशासारखा आहे. तो जिथे पडेल तिथेच उजेड. त्यामुळे तो श्रोत्यांवर पडला पाहिजे, छतावर आणि मागच्या भिंतीवर कमीत कमी. स्पीकर स्टँडवर इतका वर न्यावा की हॉर्न उभ्या श्रोत्यांच्या डोक्यांच्या वर राहील, कारण वरचे स्वर माणसांच्या शरीरात शोषले जातात आणि स्पीकर खाली असला की पहिल्या दोन रांगाच सगळा आवाज पिऊन टाकतात. उंचावर नेलेला बॉक्स थोडा खाली झुकवता आला तर मागच्या भिंतीवरचा परावर्तित आवाजही कमी होतो. काही बॉक्सच्या तळाशी यासाठी दोन छिद्रे असतात, एक सरळ आणि एक काही अंश कललेले. ही किरकोळ वाटणारी सोय माझ्या यादीत बरीच वर आहे.

गेल्या काही वर्षांत उभ्या खांबासारख्या कॉलम सिस्टीम लोकप्रिय झाल्या आहेत. खाली सबवूफर आणि त्यावर एकावर एक बसवलेले छोटे स्पीकर अशी ही रचना. २००३ मध्ये बोस कंपनीने एल-वन या नावाने तिला नवे रूप दिले, तेव्हा कल्पना अशी होती की प्रत्येक वादकाच्या मागे त्याचा स्वतःचा खांब असावा आणि तोच त्याचा मॉनिटर, म्हणजे वादकाला स्वतःचे वाजवणे ऐकवणारा स्पीकरही व्हावा. वजन कमी, उभारणी झटपट, आडवा फैलाव मोठा आणि दिसायला सुटसुटीत, हे तिचे खरे गुण आहेत. तिच्याबद्दल केला जाणारा एक दावा मात्र नीट समजून घ्यावा. उभ्या रांगेतून निघणारा आवाज अंतर दुप्पट झाल्यावर ६ ऐवजी फक्त ३ डेसिबलने कमी होतो, असे सांगितले जाते. हे खरे आहे, पण रांगेच्या उंचीवर आणि स्वराच्या उंचीवर अवलंबून असलेल्या ठरावीक अंतरापर्यंतच. एक मीटर उंचीच्या रांगेसाठी दोन हजार हर्ट्झला ते अंतर सुमारे तीन मीटर भरते, दहा हजार हर्ट्झला पंधरा मीटरच्या जवळ जाते, आणि पाचशे हर्ट्झला तर ते एक मीटरही नसते. म्हणजे गायनाच्या मुख्य पट्ट्यात काही पावलांनंतर हा खांबही इतर स्पीकरप्रमाणेच वागू लागतो. दोन गायक, गिटार आणि हलके तालवाद्य अशा बँडला कॉलम उत्तम. पूर्ण ड्रमसेटच्या बँडला मोकळ्या मैदानात तो बहुधा धाप लागलेला आढळेल.

सबवूफरच्या बाबतीत ‘सोबत नेता येणारी’ या विशेषणाची खरी किंमत कळते. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत खालची मोकळी तार ४१ हर्ट्झला वाजते. तिची तरंगलांबी आठ मीटरपेक्षा जास्त असते. एवढी लांब लाट निर्माण करायला पुष्कळ हवा हलवावी लागते, आणि त्यासाठी मोठा वूफर आणि मोठे कॅबिनेट या दोन्हींना पर्याय नाही. लहान आकार, खोल बेस आणि मोठा आवाज या तीन गोष्टींपैकी दोन मिळतात, तिसरी सोडावी लागते. लहान बॉक्सवर ‘४५ हर्ट्झपासून’ असे लिहिलेले असेल तर तो आकडा किती घट धरून दिला आहे ते पाहावे. उणे ३ डेसिबलला दिलेला आकडा विश्वासाचा. उणे १० डेसिबलला दिलेला असेल, तर त्या स्वराची पातळी बाकीच्यांच्या मानाने बरीच खाली गेलेली असते. १२ इंची अ‍ॅक्टिव्ह (अ‍ॅम्प्लिफायर आतच असलेला) बॉक्स साधारण १५ ते १८ किलोंचा असतो, १८ इंची सबवूफर ३० ते ५० किलोंचा. एक माणूस जिना चढून नेऊ शकेल ते वजन कोणते, हे बँडने आपापसात प्रामाणिकपणे ठरवावे, कारण कार्यक्रम संपल्यावर रात्री उशिरा तेच वजन पुन्हा उतरवायचे असते.

सबवूफर घेतल्याचा फायदा केवळ खालच्या स्वरांपुरता नसतो. साधारण १०० हर्ट्झच्या खालचे काम त्याच्याकडे गेले की वरच्या बॉक्सचा वूफर मोठ्या हालचालींतून सुटतो, आणि त्यामुळे गायनही अधिक स्वच्छ आणि मोठे करता येते. दोन सब असतील तर ते रंगमंचाच्या दोन टोकांना ठेवण्याची पद्धत आहे, ती दिसायला सममित असली तरी ऐकायला नव्हे: मधोमध बेस भरून येतो आणि थोडे बाजूला सरकले की काही स्वर नाहीसे होतात, कारण दोन ठिकाणांहून आलेल्या लांब लाटा एकमेकींना छेदतात. दोन्ही सब एकमेकांना चिकटवून ठेवले तर त्यांची बेरीज ६ डेसिबलपर्यंत जाते आणि सभागृहभर बेस अधिक सारखा लागतो. भिंतीलगत किंवा कोपऱ्यात ठेवल्यानेही खालचे स्वर उचलले जातात. लहान जागेसाठी एकच चांगला सब नीट जागी ठेवणे हे दोन सामान्य सबांपेक्षा सरस ठरते.

अ‍ॅक्टिव्ह की पॅसिव्ह, या वादात आता फारसा दम राहिलेला नाही. अ‍ॅक्टिव्ह बॉक्समध्ये अ‍ॅम्प्लिफायर, क्रॉसओव्हर (वरचे आणि खालचे स्वर वेगळे करणारी यंत्रणा) आणि संरक्षक लिमिटर (पातळी मर्यादेबाहेर जाऊ न देणारी यंत्रणा) आतच, त्या स्पीकरला जुळवून बसवलेले असतात. पॅसिव्हमध्ये हे सगळे बाहेरून आणून स्वतः जुळवावे लागते, आणि आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की अ‍ॅम्प्लिफायरला चार ओहम दिसतात यासारखे हिशोब सांभाळावे लागतात. फिरत्या बँडसाठी अ‍ॅक्टिव्ह घ्यावी. पॅसिव्हचा एक फायदा उरतो: स्पीकरपर्यंत एकच केबल न्यावी लागते, तर अ‍ॅक्टिव्हला सिग्नलची आणि विजेची अशा दोन.

श्रोत्यांसाठी कितीही चांगले स्पीकर घेतले तरी बँड अडतो तो बहुधा रंगमंचावर, आणि अडवणारी गोष्ट असते फीडबॅक. माईकमध्ये गेलेला आवाज स्पीकरमधून बाहेर येतो, तोच परत माईकमध्ये शिरतो, आणि एखाद्या स्वराची ही फेरी प्रत्येक वेळी वाढत गेली की शिट्टी सुरू होते. म्हणजे सिस्टीम किती मोठ्याने वाजू शकते ही एक मर्यादा, आणि शिट्टी न मारता ती किती वर नेता येते ही दुसरी. लहान जागेत दुसरी मर्यादा पहिलीच्या कितीतरी आधी लागते. तिथे दोन हजार वॅट तसेच पडून राहतात. ही मर्यादा वाढवण्याचे उपाय मात्र साधे आहेत. गायकाने माईकपासूनचे अंतर निम्मे केले की त्याचा आवाज माईकमध्ये सुमारे ६ डेसिबलने अधिक जातो आणि तेवढाच गेन (माईकचा आवाज वाढवण्याचे प्रमाण) खाली आणता येतो. उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की फीडबॅकपूर्वी मिळणारी जागा ३ डेसिबलने घटते, म्हणून जो गात नाही त्याचा माईक बंद असावा. मुख्य स्पीकर माईकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला असावेत, मागे नसावेत.

मॉनिटरचा कोन माईकच्या प्रकारावर ठरतो, आणि इथे बहुतेकांची गल्लत होते. कार्डिऑइड माईक पाठीमागून आलेला आवाज सर्वांत कमी घेतो, म्हणून मॉनिटर गायकाच्या अगदी समोर, माईकच्या शेपटीच्या रोखाने ठेवावा. सुपरकार्डिऑइड माईकला पाठीमागे थोडे ऐकू येते. त्याची बहिरी दिशा समोरपासून सुमारे १२५ अंशांवर, दोन्ही बाजूंना असते, म्हणून त्याच्यासाठी मॉनिटर थोडे बाजूला सरकवावे लागतात. माईक बदलला आणि मॉनिटर जागचा हलला नाही, तर महाग माईकही जास्त शिट्ट्या मारतो. माईकची जाळी मुठीत धरून गाण्याची लकब दिसायला झोकदार असते खरी, पण त्यामुळे मागची वाट बंद होऊन माईकची दिशा पाहण्याची क्षमताच जाते.

मॉनिटरशिवाय काय होते याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १५ ऑगस्ट १९६५ चे आहे. न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्ससमोर ५५,००० पेक्षा अधिक लोक होते. त्यांच्यासाठी १०० वॅटचे व्हॉक्स अ‍ॅम्प आणले होते, गायन स्टेडियमच्याच उद्घोषणेच्या स्पीकरवरून जात होते, आणि किंकाळ्यांमध्ये वादकांना स्वतःचे वाजवणे ऐकू येत नव्हते. आज लहानातला लहान बँडही त्यांच्यापेक्षा सुस्थितीत असू शकतो, मात्र खरेदी करताना मॉनिटरसाठी पैसे राखून ठेवले पाहिजेत. बहुतेक जण सगळी रक्कम समोरच्या स्पीकरांवर घालतात आणि मॉनिटर उरलेल्यात बसवतात. मी तसे करणार नाही. किमान गायकांसाठी एक आणि ड्रमवादकासाठी एक मॉनिटर धरावा. कानात घालायचे इन-इअर मॉनिटर रंगमंच शांत ठेवतात, फीडबॅकचा प्रश्न जवळपास संपवतात आणि वजनाला काहीच नसतात. पण त्यांना प्रत्येकाचे वेगळे मिश्रण द्यावे लागते, आणि अचानक आलेला मोठा आवाज थेट कानात जाऊ नये म्हणून लिमिटर अनिवार्य असतो.

यातूनच मिक्सरची निवड ठरते. आधी चॅनेल मोजावेत. आपल्या बँडचे दोन गायक, स्टिरिओ कीबोर्डचे दोन, बेसचा एक, गिटारचा एक, किकचा एक, ड्रमवर धरलेल्या माईकचे दोन, आणि मध्यंतरात लावायच्या संगीताचे दोन असे अकरा होतात. पाहुणा गायक गृहीत धरून सोळा चॅनेलचा मिक्सर घ्यावा. चॅनेलइतकाच महत्त्वाचा, आणि दुकानात कोणी सहसा न सांगणारा आकडा म्हणजे ऑक्स सेंडची, म्हणजे मॉनिटरकडे वेगळे मिश्रण पाठवणाऱ्या वाटांची संख्या. जितकी स्वतंत्र मॉनिटर-मिश्रणे हवीत तितके ऑक्स लागतात, आणि लहान अ‍ॅनालॉग मिक्सरवर ते बहुधा एक किंवा दोनच असतात. डिजिटल मिक्सरवर ते जास्त मिळतात, प्रत्येक चॅनेलला इक्वलायझर व कॉम्प्रेसर मिळतो आणि मागच्या कार्यक्रमाची मांडणी जतन करता येते. टॅबलेटवरून चालणारे, बटणे नसलेले मिक्सर वजनाला फारच हलके असतात. पण गर्दीच्या ठिकाणी हॉलभर मोबाइल असताना त्यांचे अंगचे वाय-फाय दगा देऊ शकते, म्हणून वेगळा राऊटर किंवा केबलने जोडण्याची सोय असावी. जे लोक स्वतःच वाजवत मिश्रणही सांभाळणार आहेत, त्यांना हाताला लागणारा फेडर (पातळी बदलण्याची सरकती कळ) अजूनही अधिक आश्वासक वाटतो, आणि त्यात गैर काही नाही. कोणताही मिक्सर असो, गायनाच्या चॅनेलवर हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक मर्यादेखालचे स्वर कापणारी सोय, असला पाहिजे. १०० हर्ट्झच्या आसपास तो लावला की माईकमध्ये शिरलेला किकचा आणि पायांचा धपधपाट निघून जातो आणि सगळे मिश्रण मोकळे होते.

केबल आणि वीज यांवर लोक घाईघाईने खर्च करतात, आणि कार्यक्रम बंद पडतो तो बहुधा त्यांच्यामुळेच. माईकची बॅलन्स्ड एक्सएलआर केबल कित्येक मीटर लांब नेली तरी बाहेरची गुणगुण पकडत नाही, गिटारची साधी केबल मात्र सहा मीटरपुढे नेऊ नये. लांब जायचे असेल तर वाद्याजवळ डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल बॅलन्स्ड करून देणारी छोटी पेटी) ठेवावा. विजेची गुणगुण आली की अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला देणारे कोणीतरी नेहमी भेटते. तो सल्ला कधीही ऐकू नये, कारण ती पिन गिटारवादकाचे ओठ माईकला लागल्यावर त्याचा जीव वाचवण्यासाठीच असते. गुणगुण घालवायला डीआय बॉक्सवरील ग्राउंड लिफ्टचे बटण असते, आणि सगळी उपकरणे एकाच वीज-जोडणीवरून चालवल्यानेही ती बऱ्याचदा थांबते. हजार वॅटचे चार अ‍ॅक्टिव्ह बॉक्स सरासरी चार हजार वॅट वीज ओढत नाहीत, संगीतात सरासरी वापर त्याच्या लहान अंशाइतकाच असतो; तरीही किकच्या ठोक्यासरशी क्षणिक मागणी वाढते, म्हणून जनरेटर वापरताना हात राखून क्षमता घ्यावी.

बॉक्सच्या तळातली ३५ मिलिमीटरची स्टँडची खाच जवळजवळ सर्वत्र सारखी असते, त्यामुळे स्टँड वेगळ्या कंपनीचे घेतले तरी चालतात. मात्र स्टँडवर लिहिलेली वजनमर्यादा पाहावी, आणि उघड्यावर वाऱ्यात पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवाव्यात. प्लास्टिकचे कॅबिनेट हलके आणि पावसाच्या शिंतोड्यांना कमी भिणारे; प्लायवूडचे जड, पण खालच्या स्वरांत सहसा अधिक घट्ट आणि दुरुस्तीला सोपे.

शेवटची निवड कागदावर न करता कानांनी करावी. दुकानात रेकॉर्ड केलेले गाणे सगळ्याच स्पीकरांवर छान वाजते, कारण ते आधीच नीट दाबून, मिसळून तयार केलेले असते. तिथे आपलाच माईक न्यावा, आपल्याच गायकाला त्यात बोलायला आणि गायला लावावे, सगळे इक्वलायझर सरळ ठेवावेत आणि दोन्ही पर्यायांची पातळी सारखी करून घ्यावी, कारण एका डेसिबलने मोठा वाजणारा स्पीकर कानाला निष्कारण चांगला वाटतो. मग बोलणे चालू असतानाच समोरून बाजूला, ४५ अंशांपर्यंत चालत जावे आणि शब्द कुठे दबतात ते ऐकावे. त्यानंतर पातळी वाढवत न्यावी आणि लिमिटरचा दिवा लागू लागल्यावर आवाज कर्कश होतो की नुसता वाढायचा थांबतो, हे पाहावे. शक्य असेल तर घेण्यापूर्वी तीच सिस्टीम एका कार्यक्रमासाठी भाड्याने आणावी, साउंड चेकच्या वेळी गायकाला माईकवर उभे करून आपण थेट मागच्या भिंतीपर्यंत जावे, आणि कार्यक्रमानंतर ती गाडीत चढवताना कोण किती कुरकुर करतो तेही लक्षात ठेवावे.